एकसष्टावा सेकंद

१ जुलै २०१२, रविवार. पहाटेचे पाच वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे त्या एका मिनिटात साठ नव्हे, एकसष्ट सेकंद होते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते खरी, पण अणुघड्याळाइतकी काटेकोर नाही. तिची गती किंचित कमीजास्त होते आणि दिवसाचा हिशोब अणुघड्याळाशी जुळेनासा होतो. तो जुळवायला १९७२ पासून अधूनमधून जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालतात. त्याला लीप सेकंद म्हणतात. आजवर असे २७ घातले गेले. त्या पहाटेचा सेकंद आपण साखरझोपेत असताना येऊन गेला. कॉम्प्युटरांना मात्र तो बाधला. रेडिट हे संकेतस्थळ कोलमडलं. मोझिलाच्या काही यंत्रणा अडखळल्या. ऑस्ट्रेलियात विमान प्रवाशांच्या नोंदणीची संगणक यंत्रणा ठप्प झाली आणि कर्मचारी हातांनी नोंदी करू लागले. जगभरातल्या कितीतरी सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्के राबत होते, पण त्यांच्या हातून काम काहीच होत नव्हतं.

बिघडलेल्या या यंत्रांत लिनक्स चालत होता. त्याची पुढच्या काही दिवसांत दुरुस्ती झाली. ती दुरुस्ती, तिच्यामागचं कारण आणि त्या कारणामागचं कारण आजही कुणालाही वाचता येतं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत थक्क करणारं वाटतं ते हेच.

गजर आणि निरोप

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात त्याने तिचा, म्हणजेच लिनक्सचा, कोड सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा तो साधारण दहा हजार ओळींचा होता. आज लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच आहे. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर पहिल्यांदा उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये तोच होता. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतली यच्चयावत यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्यावरच चालतात. त्या यादीत २०२० साली ६३व्या क्रमांकावर आलेला पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआयसुद्धा.

आता त्या रविवारी या गाभ्याच्या पोटात काय झालं ते पाहू.

कर्नलमध्ये एक मुख्य घड्याळ असतं, आणि एक गजर लावणारा विभाग. एखादा प्रोग्राम म्हणतो, ‘मला इतके वाजून इतक्या सेकंदांनी उठव, तोवर मी झोपतो.’ प्रोग्राम झोपला की प्रोसेसर मोकळा होतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. यंत्रातले बहुतेक प्रोग्राम बहुतेक वेळ असे झोपलेलेच असतात, म्हणून तर एका प्रोसेसरवर शेकडो प्रोग्राम सुखाने नांदतात.

लीप सेकंद आला तेव्हा मुख्य घड्याळ ठरल्याप्रमाणे एक सेकंद मागे सरकलं. हा निरोप गजर विभागाला मिळायला हवा होता, तो मिळाला नाही. त्यामुळे गजर विभाग एक सेकंद पुढे राहिला. मग एखाद्या प्रोग्रामने म्हणावं, ‘मला दशांश सेकंदाने उठव.’ गजर विभागाने पाहावं तर त्याच्या हिशोबाने ती वेळ केव्हाच उलटून गेलेली. तो लगेच हाक मारणार. प्रोग्राम उठून बघणार, तर वेळ झालेली नाही, पुन्हा झोपणार. पुन्हा हाक. सेकंदात हजारो वेळा झोप आणि जाग, जाग आणि झोप. शंभर टक्के राबणारे प्रोसेसर याच झोपमोडीत अडकले होते.

त्यावर सापडलेला तात्पुरता उतारा ऐकून आजही गंमत वाटते. आत्ताची वेळ विचारायची आणि तीच वेळ पुन्हा लावायची. घड्याळाला त्याचीच वेळ सांगायची! पण वेळ हाताने लावली की गजर विभागाला आपोआप निरोप जातो. तो गेला आणि यंत्रं शांत झाली.

मग लीप सेकंदाच्या वेळीच हा निरोप का गेला नाही? लिहिणारे विसरले होते का? नाही. तो निरोप पूर्वी जात असे. २००७ मध्ये एका दुरुस्तीने तो काढून टाकला होता, आणि त्यामागे रास्त कारण होतं. लीप सेकंद घालताना कर्नल घड्याळाला क्षणभर कुलूप लावतो, म्हणजे मध्येच कुणी अर्धवट बदललेली वेळ वाचू नये. कुलूप हातात असताना निरोप द्यायला गेलं, तर निरोप देणारा आणि घेणारा एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकण्याचा धोका होता. तो धोका टाळण्यासाठी निरोपच बंद केला. एक चूक गेली आणि तिच्या जागी दुसरी दबा धरून बसली. ती दिसायला लीप सेकंदच यायला हवा, आणि २००७ पासून २०१२ च्या त्या पहाटेपर्यंत असा सेकंद एकदाच आला होता, २००८ च्या अखेरीला.

जुलै २०१२ मध्ये या भागाची देखभाल करणाऱ्या जॉन स्टुल्ट्झ आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी जी दुरुस्ती केली, तिच्यात दोन्ही अडचणींचा मान राखला आहे. निरोप द्यायचाच, पण तिथल्या तिथे नाही. तो द्यायचा आहे अशी खूण करून ठेवायची आणि कुलूप सुटलं की मग द्यायचा. एवढंच. घरातल्या जाणत्या माणसाने एखादी नाजूक बातमी कुणाला केव्हा सांगायची हे ठरवावं, तसं.

दुरुस्तीच्या खाली सह्या

ही गोष्ट मला इतक्या तपशिलात सांगता येते, कारण कर्नलमधली प्रत्येक दुरुस्ती स्वतःची गोष्ट सोबत घेऊन येते. कोडमधला बदल दोन ओळींचा असला, तरी त्याच्यासोबत एक टिपण लागतं. काय बिघडत होतं, का बिघडत होतं, बदलाने ते का थांबेल. टिपण कच्चं असेल, तर कोड बरोबर असूनही बदल परत येतो.

टिपणाच्या खाली काही ठरावीक ओळी असतात. ‘रिपोर्टेड-बाय’, म्हणजे दोष कुणी कळवला. ‘टेस्टेड-बाय’, कुणी आपल्या यंत्रावर चालवून पाहिलं. ‘रिव्ह्यूड-बाय’, कुणी ओळ न् ओळ तपासली. ‘साइन्ड-ऑफ-बाय’, म्हणजे हा कोड इथे द्यायचा मला अधिकार आहे, असं सांगणारी सही. २००४ पासून ती सक्तीची आहे. बदल लिहिणाऱ्याची सही आधी, मग तो ज्या ज्या मेंटेनरच्या, म्हणजे त्या त्या भागाची देखभाल करणाऱ्याच्या, हातून वर जातो त्यांची. आणि एक ओळ ‘फिक्सेस’ची. मूळ चूक ज्या बदलाने शिरली, त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक तिथे लिहायचं. खतावणीतली चुकीची नोंद खोडायची नाही, तर खाली नवी नोंद करून ‘अमुक पानावरची चूक’ असं लिहायचं, हाच तो जुन्या कारकुनांचा शिरस्ता.

या वहीत लहानमोठा असा भेद नाही. २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला एक गंभीर दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन यंत्रावरचा साधा वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शकत होता. त्याच्या दुरुस्तीच्या टिपणात टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच नोंदवलं आहे की हा फार जुना दोष आहे आणि अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नव्हता. ज्याच्या नावावरून ही प्रणाली ओळखली जाते, त्याने आपली चूक त्याच वहीत, त्याच शाईने लिहिली. तीन कोटी ओळींचा हा डोलारा उभा आहे तो या मोकळेपणाच्या आधारावर, असं मला मनापासून वाटतं. इथे चुका सगळ्यांच्याच होतात. सापडलेली चूक कुणी दडवत नाही.

आणि ‘रिपोर्टेड-बाय’ या ओळीत नाव यायला कोड लिहिता यावा लागत नाही. नजर लागते. हे कर्नलपुरतंच नाही, त्याच्या अवतीभोवतीच्या सगळ्या मुक्त सॉफ्टवेअरला लागू आहे. आपल्याच भाषेतलं उदाहरण घ्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. पहिल्याचा अर्थ गुरूला, दुसऱ्याचा स्वयंपाक्याला. फरक फक्त रफाराचा: एक डोक्यावर चढतो, दुसरा आडवा, पापणीसारखा बसतो. कॉम्प्युटरला हा फरक मुळात कळत नाही. ‘ऱ’चा पाय मोडून पुढे ‘य’ आला तर पापणी काढायची, हा नियम कुणीतरी अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामला शिकवावा लागतो, टंकात ती पापणी कुणीतरी रेखावी लागते. त्यात कुठे चूक झाली तर ती हेलसिंकीत बसलेल्याला दिसणार नाही. ती मराठी डोळ्यालाच दिसेल, आणि त्या डोळ्याच्या माणसाने कळवली तरच सुधारेल.

चौदा प्रयत्नांत चोर

दोष दिसला, पण शिरला कुठून? कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. समजा, मागच्या आवृत्तीत फोनचा आवाज नीट येत होता आणि नव्या आवृत्तीत तो येत नाही. दहा हजारांतला गुन्हेगार बदल कोणता?

इथे एक साधी युक्ती कामी येते. बदलांच्या रांगेच्या बरोबर मधल्या टप्प्यावरचा कर्नल तयार करून चालवा. आवाज आला? मग दोष पुढच्या अर्ध्यात आहे. नाही आला? मागच्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. दहा हजारांचे पाच हजार, पाचाचे अडीच. सोळा हजार बदल असले तरी चौदा प्रयत्नांत एकच बदल हाती उरतो. हे काम ‘गिट’ नावाचं साधन जवळजवळ आपोआप करतं. बदलांच्या नोंदी ठेवणारं हे साधनही टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये कर्नलसाठीच लिहायला घेतलं आणि आज जगातले बहुतेक प्रोग्रामर ते वापरतात. यातली खरी जादू अशी की चौदा वेळा यंत्र बंद-चालू करण्याची चिकाटी असलेला कुणीही, कर्नलमधलं ओ की ठो न कळता, नेमका दोषी बदल बोटाने दाखवू शकतो.

काही दोष मात्र माणसाच्या नजरेला सापडत नाहीत. कर्नलमधला एखादा कोड आपल्या वाटणीच्या मेमरीच्या एक पाऊल पलीकडे वाचतो, आणि नव्व्याण्णव वेळा काहीच बिघडत नाही. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये ‘कासान’ नावाचा पहारा बसवता येतो. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट बाजूला काढायचा आणि त्या आठांपैकी कितींना हात लावायला परवानगी आहे ते त्यात लिहून ठेवायचं. मेमरीला हात लावण्यापूर्वी हा पहारेकरी बघायचा. यंत्र संथ होतं, म्हणून हा पहारा मुख्यतः चाचणीच्या वेळी बसवतात. आणि त्या पहाऱ्यात कर्नलला रात्रंदिवस वेड्यावाकड्या मागण्या करत राहणारा ‘सिझबॉट’ नावाचा गूगलचा यंत्रमानव आहे. शहाणा माणूस कधी करणार नाही अशा क्रमाने तो बटणं दाबतो. काही कोसळलं की कसं कोसळलं त्याचा तपशील लिहून संबंधित मेंटेनरांना पाठवतो. ‘रिपोर्टेड-बाय’च्या ओळीत आज माणसांच्या नावांमध्ये त्याचंही नाव वारंवार येतं.

तिसरा आकडा

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर आत्ता सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘कर्नल व्हर्जन’ शोधा. तिथे टिंबांनी जोडलेले तीन आकडे दिसतील. पहिले दोन आकडे आवृत्तीचे. तिसरा आकडा दुरुस्त्यांचा: ही आवृत्ती निघाल्यानंतर तिच्यावर दुरुस्त्यांचे किती हप्ते चढले, ते तो सांगतो.

दुरुस्त्यांचा हा पदर मार्च २००५ मध्ये सुरू झाला. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ठरवलं की नव्या आवृत्तीची वाट न पाहता जुन्या आवृत्तीला फक्त दुरुस्त्या पुरवायच्या. त्याचे नियम एका पानात मावतात. बदल आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेला हवा. आजूबाजूच्या ओळी धरून तो शंभर ओळींपेक्षा मोठा नको. त्याने लोकांना खरोखर छळणारा दोष दूर व्हायला हवा; ‘असं झालं तर’ अशी नुसती शंका चालणार नाही. आणि तो बरोबर आहे हे बघताक्षणी पटायला हवं. नवं काही घालायचं नाही, शोभा वाढवायची नाही.

हे हप्ते जवळजवळ दर आठवड्याला येतात. आधी यादी जाहीर होते, साधारण दोन दिवस जगभरचे लोक आपापल्या यंत्रांवर ती चालवून बघतात, मग हप्ता निघतो. एकच दुरुस्ती वेगवेगळ्या जुन्या आवृत्त्यांना बसवायची, तर प्रत्येक ठिकाणी आसपासचा कोड वेगळा. जुन्या वाड्याच्या दाराला आजची कडी बसवताना सुताराला जशी लाकूड बघून खाच घ्यावी लागते, तशी इथेही घ्यावी लागते. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीची अशी देखभाल सहा वर्षं चालली. तिची शेवटची खूण ४.४.३०२ अशी आहे. तीनशे दोन हप्ते, आणि एकेका हप्त्यात कधी दोन-चार तर कधी शेकडो दुरुस्त्या. कारखाने, वीजव्यवस्था, रेल्वे अशा ठिकाणच्या यंत्रांना तर सहा वर्षंही पुरत नाहीत. त्यांच्यासाठी निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षं सांभाळणारा ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे.

कोकणात पाऊस तोंडावर आला की घरं शाकारतात. प्रत्येक कौल काढून बघायचं, फुटलेलं बाजूला टाकायचं, सरकलेलं सारखं करायचं. घर बांधलं त्या पूर्वजाचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक असतं. दरवर्षी छपरावर चढणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. पण घर उभं राहतं ते त्यांच्यामुळे. तिसरा आकडा बघताना मला ती वैशाखातली छपरं आठवतात. फरक इतकाच की इथे प्रत्येक कौलावर ते बदलणाऱ्याचं नाव आहे.

आणि शाकारणीत काही गोष्टी काढूनही टाकाव्या लागतात. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून ३८६ या जुन्या प्रोसेसरचा आधार काढला गेला. त्याच्यासाठी जागोजागी खास सोय ठेवावी लागत होती आणि तिचा भार सगळ्यांवर पडत होता. याच ३८६ वर १९९१ साली लिनक्सचा जन्म झाला होता. ज्या यंत्रावर पहिली ओळ लिहिली गेली, त्या यंत्रावर आजचा लिनक्स चालणार नाही.

मंगळवारची सकाळ

एकसष्टाव्या सेकंदाने सुरुवात केली होती, शेवटही एका सेकंदाने करतो. हा अजून यायचा आहे.

लिनक्समध्ये वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, या हिशोबाने. जुन्या यंत्रांत हा आकडा ३२ बिटांच्या जागेत ठेवत. त्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. हे सेकंद भरतात १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उलटा होऊन ऋण होतो आणि यंत्राला वाटतं की आपण १९०१ सालच्या डिसेंबरात आहोत.

यावर उपाय सांगायला सोपा: जागा ६४ बिटांची करा, मग २९,२०० कोटी वर्षं चिंता नाही. पण वेळ कर्नलमध्ये सगळीकडे झिरपलेली असते. फाइल कधी बदलली, निरोप कधी आला, गजर केव्हा वाजवायचा, प्रत्येक ठिकाणी तो जुना आकडा होता. शिवाय कर्नलचा पहिला नियम असा की दुरुस्ती करताना चालू असलेला कुठलाही प्रोग्राम मोडता कामा नये. म्हणून जुनी वाट चालू ठेवून शेजारी नवी बांधावी लागली. आर्न्ड बर्गमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हे काम एकेका फाइलमध्ये करत राहिले. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांनाही २०३८ च्या पुढे चालण्याची वाट मोकळी झाली. संकटाच्या अठरा वर्षं आधी. आता ही दुरुस्ती भिंतीतल्या, खांबांवरच्या, कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांपर्यंत पोचवायची आहे, आणि ते काम अजून चालू आहे.

१९ जानेवारी २०३८ ला मंगळवार आहे. मुंबईत कुणाचीतरी ८.४४ ची लोकल असेल. सिग्नल पडेल, गाडी फलाटावर येईल, दारातल्या माणसाच्या हातातल्या फोनवर सात सेकंदांनंतर आठवा सेकंद येईल आणि मग नववा. २०१२ च्या पहाटे जो सेकंद यंत्रांना बाधला, तसा हा कुणाला जाणवणारही नाही. त्या माणसाची ही साधी सकाळ कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं आधी एकेक ओळ बदलून, खाली सही करून, लिहून ठेवलेली असेल.